तारापूरचा शेजार

भारतातले पहिले अणुवीज केंद्र २८ ऑक्टोबर १९६९ रोजी व्यापारी तत्त्वावर वीज देऊ लागले. जागा मुंबईच्या उत्तरेला शंभरेक किलोमीटरवर, अरबी समुद्राच्या काठी. तेव्हा तो ठाणे जिल्हा होता, २०१४ पासून पालघर जिल्हा आहे. केंद्राला नाव तारापूरचे मिळाले, पण शेजार एकट्या तारापूरचा नाही. चिंचणी आहे, घिवली आहे, उच्छेळी, दांडी, नवापूर आहे. किनाऱ्यावर मांगेला आणि इतर मच्छीमार, थोडे आत वाडवळ-भंडाऱ्यांच्या वाड्या, त्यापलीकडे वारल्यांचे पाडे. पुढे बोईसरला औद्योगिक वसाहत आली आणि उत्तर प्रदेश-बिहारमधून आलेल्या कामगारांच्या चाळी वाढल्या. म्हणजे अणुभट्टीच्या शेजारी राहण्याचा देशातला सर्वांत जुना अनुभव मराठी मुलखात आहे. तरीही अणुऊर्जेवरचा वाद आपल्याकडे होतो तो बहुधा चेर्नोबिल आणि फुकुशिमाच्या नावाने. तारापूरच्या माणसाला फारसे कोणी विचारत नाही.

विचारले तरी प्रश्न एकच असतो: भीती नाही का वाटत? या प्रश्नाची अडचण अशी की त्यात निरनिराळ्या भीती एकत्र मिसळलेल्या असतात. रोजच्या श्वासातून, पाण्यातून, मासळीतून अंगात काही जाते का, ही एक भीती. एखाद्या रात्री काही फुटले तर काय, ही दुसरी. आणि खरे काय ते आपल्याला कोणी सांगेल का, ही तिसरी. पहिल्या भीतीचे उत्तर विज्ञानाकडे बऱ्यापैकी आहे. दुसरीचे उत्तर अर्धेमुर्धे आहे. तिसरीचे उत्तर विज्ञानाकडे नाहीच, ते सरकारकडे आहे. तारापूरच्या माणसाला सगळ्यांत कमी मिळाले आहे ते हे तिसरे उत्तर, असे माझे मत आहे.

आधी रोजच्या गोष्टीकडे पाहू. चालू अणुवीज केंद्रातून काहीच बाहेर पडत नाही, असे म्हणणे खोटे आहे. उंच धुराड्यातून थोडे किरणोत्सारी वायू हवेत जातात, आणि गाळून, साठवून, मोजून झालेले सौम्य किरणोत्सारी पाणी समुद्रात सोडले जाते. तारापूरची पहिली दोन संयंत्रे उकळत्या पाण्याची आहेत. भट्टीतल्या पाण्याचीच वाफ थेट टर्बाइनवर जाते. त्यामुळे या प्रकारात क्रिप्टॉन, झेनॉन यांसारखे वायू दुसऱ्या प्रकारांपेक्षा जास्त सुटतात. तिसरे आणि चौथे संयंत्र प्रत्येकी ५४० मेगावॅटचे आणि जड पाण्याचे आहे. त्यातले चौथे २००५ मध्ये आणि तिसरे २००६ मध्ये वीज देऊ लागले. जड पाण्याच्या भट्टीत ट्रिटियम तयार होते, म्हणजे हायड्रोजनचे किरणोत्सारी भावंड. ते पाण्याशी पाणी होऊन मिसळते, म्हणून त्याच्यावर वेगळी नजर ठेवावी लागते.

प्रश्न आहे तो किती सुटते हा. किरणोत्साराचा शरीरावरचा परिणाम मिलिसिव्हर्ट या एककात मोजतात. माती, खडक, आकाशातून येणारे किरण, घरात साचणारा रेडॉन वायू आणि खुद्द आपल्या शरीरातले पोटॅशियम यांच्यामुळे जगातल्या सरासरी माणसाला वर्षाला सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात. तेवढे कोणाला चुकत नाहीत. पोटाच्या एका सीटी स्कॅनमध्ये आठ ते दहा मिलिसिव्हर्ट मिळू शकतात. अणुवीज केंद्रामुळे शेजाऱ्याला वर्षाला एक मिलिसिव्हर्टपेक्षा जास्त मिळता कामा नये, अशी भारतात मर्यादा आहे. प्रत्यक्षात मिळते ते या मर्यादेचा लहानसा अंश. प्रत्येक केंद्राजवळ भाभा अणुसंशोधन केंद्राची पर्यावरण सर्वेक्षण प्रयोगशाळा असते. ती आसपासच्या गावांतून दूध, भाजी, विहिरीचे पाणी, मासळी, वाळू यांचे नमुने घेऊन सीझियम, स्ट्रॉन्शियम, आयोडीन, ट्रिटियम शोधते.

इथे पालघरच्या किनाऱ्याचे एक वैशिष्ट्य सांगण्यासारखे आहे. हा सगळा भाग दख्खनच्या काळ्या दगडाचा, म्हणजे बेसॉल्टचा. बेसॉल्टमध्ये युरेनियम आणि थोरियम फार कमी असते. हैदराबादकडच्या ग्रॅनाइटमध्ये ते बरेच जास्त असते. त्यामुळे चिंचणीचा एखादा मुलगा नोकरीसाठी हैदराबादला गेला, तर केंद्राच्या शेजारी राहून त्याला जेवढा जादा किरणोत्सार मिळत होता त्याहून अधिक तिथल्या खडकातून मिळू लागतो. केरळात करुनागपल्लीच्या किनाऱ्यावर मोनाझाइटयुक्त वाळू आहे. तिथल्या काही जागी नैसर्गिक किरणोत्सार जागतिक सरासरीच्या कित्येक पट आहे. तिरुवनंतपुरमच्या प्रादेशिक कर्करोग केंद्राने तिथल्या सुमारे सत्तर हजार लोकांचा सरासरी दहा वर्षे पाठपुरावा केला. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात या किरणोत्सारामुळे कर्करोग वाढल्याचे आढळले नाही.

म्हणून रोजच्या सोडण्यातून तारापूरची माणसे आजारी पडत आहेत, या म्हणण्याला उपलब्ध आकडे आधार देत नाहीत. तरीही विषय इथे बंद करता येत नाही. २००७ मध्ये जर्मनीत एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. तो तिथल्या १६ अणुवीज केंद्रांच्या परिसरातला होता. केंद्रापासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या, पाच वर्षांखालच्या मुलांमध्ये १९८० ते २००३ या काळात रक्ताच्या कर्करोगाचे १७ रुग्ण अपेक्षित होते, सापडले ३७. केंद्रांतून बाहेर पडणारा किरणोत्सार इतका कमी होता की त्याने हा फरक समजावून सांगता येत नाही, असे संशोधकांनीच लिहिले. दुसरे कारणही सापडले नाही. २०११ मध्ये ब्रिटनच्या तज्ज्ञ समितीने तिथल्या केंद्रांभोवती असाच शोध घेतला, तर तिला लक्षणीय वाढ दिसली नाही. आपल्याकडे डॉ. सुरेंद्र आणि डॉ. संघमित्रा गाडेकर यांनी १९९१ मध्ये राजस्थानातल्या रावतभाटा केंद्राजवळच्या गावांत घरोघरी जाऊन पाहणी केली. दूरच्या गावांच्या तुलनेत जवळच्या गावांत जन्मजात व्यंगांचे प्रमाण जास्त असल्याचा निष्कर्ष त्यांनी मांडला. अणुऊर्जा विभागाला तो मान्य झाला नाही. या वादात कोण बरोबर ते एका पाहणीवरून ठरत नाही, दुसऱ्या स्वतंत्र पाहणीवरून ठरते. ती व्हायला हवी. मोजणारे, मोजलेले तपासणारे आणि वीज विकणारे हे सगळे एकाच खात्याच्या छताखाली असले, की खरा आकडासुद्धा लोकांच्या गळी उतरत नाही.

तारापूरच्या परिसरात एक मोठा धोका रोज समोर असतो आणि त्याची चर्चा कमी होते. तो म्हणजे बोईसरच्या तारापूर औद्योगिक वसाहतीतले रासायनिक कारखाने आणि त्यांचे सांडपाणी. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या मूल्यमापनात तारापूर देशातल्या सर्वाधिक प्रदूषित औद्योगिक पट्ट्यांत अगदी वर होते. जानेवारी २०२० मध्ये तिथल्या एका कारखान्यात झालेल्या स्फोटात अनेकांचा जीव गेला, आणि तो काही शेवटचा अपघात नव्हता. मासळी कमी झाली, खाडीतले पाणी काळे झाले, की गावातला माणूस सहज अणुवीज केंद्राकडे बोट दाखवतो. त्याचे बोट अनेकदा चुकीच्या दिशेला असते, पण मासळी कमी झाली हे त्याचे म्हणणे चुकीचे नसते. केंद्रामुळे समुद्रात गरम पाणी जाते हेही खरे आहे. अणुभट्टीत तयार झालेल्या उष्णतेचा साधारण एक तृतीयांश भाग विजेत बदलतो, उरलेला दोन तृतीयांश समुद्राला द्यावा लागतो. शिवाय केंद्रासमोरचा समुद्र सुरक्षेसाठी मच्छीमारांना बंद असतो, होड्यांना वळसा घालावा लागतो. यात किरणोत्साराचा काही संबंध नाही. पण ज्याचे पोट डोलीच्या जाळ्यावर आहे त्याच्यासाठी केंद्राचा शेजार म्हणजे आधी हेच.

आता दुसरी भीती. अणुभट्टीतला अपघात समजायचा असेल तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी: अणुभट्टी बंद करता येते, पण थंड करावी लागते. नियंत्रक दांड्या आत गेल्या की युरेनियमचे विखंडन काही सेकंदांत थांबते. मात्र विखंडनातून तयार झालेले शेकडो प्रकारचे तुकडे स्वतः किरणोत्सारी असतात आणि फुटत राहतात. भट्टी बंद झाल्याच्या क्षणी त्यांच्यापासून निघणारी उष्णता पूर्ण शक्तीच्या सहा ते सात टक्के असते. तासाभराने ती दीड टक्क्यावर येते, दिवसाने अर्ध्या टक्क्याच्या आसपास. टक्का लहान दिसतो. पण १००० मेगावॅट उष्णता देणाऱ्या भट्टीचा अर्धा टक्का म्हणजे ५ मेगावॅट, आणि तीही बंद केल्यानंतर चोवीस तासांनी. जव्हार-मोखाड्याची माणसे ज्या वीटभट्ट्यांवर कामाला जातात, तिथे आग विझल्यावरही आतल्या विटांना कित्येक दिवस हात लावता येत नाही. वीटभट्टी आपोआप निवते, अणुभट्टी तशी निवत नाही. पाणी फिरत राहिले नाही तर इंधन स्वतःच्या उष्णतेने वितळते. त्याच्यावरचे झिर्कोनियमचे आवरण वाफेशी प्रक्रिया करून हायड्रोजन सोडते, आणि हायड्रोजन पेटतो.

११ मार्च २०११ रोजी फुकुशिमा दाईचीत नेमके हेच झाले. ९.० तीव्रतेचा महाभयंकर भूकंप आला. चालू भट्ट्या आपोआप बंद झाल्या. इथवर सगळे ठरल्याप्रमाणे झाले. बाहेरची वीज गेली, डिझेल जनित्रे सुरू झाली. पन्नासेक मिनिटांनी १४-१५ मीटर उंचीचे पाणी केंद्रावर चढले. बहुतेक जनित्रे आणि वीजफलक इमारतींच्या तळघरात होते, ते बुडाले. पंप थांबले. पुढच्या काही दिवसांत तीन भट्ट्यांचे इंधन वितळले आणि हायड्रोजनच्या स्फोटांत इमारतींची छपरे उडाली.

ही बातमी तारापूरला इतर कोणत्याही गावापेक्षा अधिक लागू होती. फुकुशिमाची पहिली भट्टी जनरल इलेक्ट्रिकच्या रचनेची, उकळत्या पाण्याची होती आणि ती १९७१ मध्ये सुरू झाली. तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या त्याच कंपनीच्या, त्याच घराण्याच्या, त्याहून आधीच्या पिढीच्या आहेत. १९६४ मध्ये कंपनीशी करार झाला तेव्हा प्रत्येकीची क्षमता २१० मेगावॅट होती. पुढे दुय्यम वाफजनित्रांच्या नळ्या गळू लागल्याने ती वाफजनित्रे बाजूला काढावी लागली आणि क्षमता १६० मेगावॅटवर आणली. १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर अमेरिकेने इंधन देण्यात अडचणी आणल्या. मग फ्रान्स, चीन, रशिया अशा देशांकडून समृद्ध युरेनियम आणून या भट्ट्या चालवाव्या लागल्या. इतक्या अडथळ्यांतून त्या पन्नास वर्षे चालल्या, ही आपल्या अभियंत्यांची खरी कर्तबगारी आहे. पण पन्नास वर्षांची भट्टी ही पन्नास वर्षांचीच भट्टी असते. २०२० मध्ये दोन्ही मोठ्या दुरुस्तीसाठी थांबवाव्या लागल्या.

साम्याबरोबर फरकही सांगितले पाहिजेत. तारापूरच्या भट्ट्या आकाराने फुकुशिमाच्या पहिल्या भट्टीच्या निम्म्याहून लहान, म्हणून मागे उरणारी उष्णताही कमी. वीज पूर्ण गेली तरी काही तास पंपाशिवाय, केवळ गुरुत्वाकर्षणाने भट्टी थंड ठेवणारा आणीबाणीचा संघनक तिथे आहे. अर्थात फुकुशिमाच्या पहिल्या भट्टीतही तशीच व्यवस्था होती. सगळी वीज गेल्यावर तिच्या झडपा उघड्या आहेत की बंद, हे नियंत्रणकक्षातल्या माणसांना कळत नव्हते, आणि ती उपयोगी पडली नाही. समुद्राचे म्हणाल तर पश्चिम किनाऱ्याला त्सुनामीचा मोठा उगम मकरानच्या किनाऱ्याजवळ, म्हणजे शेकडो किलोमीटर दूर आहे. पण तो निद्रिस्त नाही. २८ नोव्हेंबर १९४५ ला तिथे झालेल्या भूकंपाची लाट मुंबईपर्यंत पोचली होती आणि तिने इथेही माणसे ओढून नेली. फुकुशिमानंतर आपल्या सर्व केंद्रांची तपासणी झाली. बाहेरून पाणी जोडता येईल अशा जोडण्या, उंचावरची जनित्रे, हायड्रोजन हाताळण्याची सोय असे बदल सुचवले आणि केले गेले.

त्सुनामी आपल्या एका केंद्रावर येऊनही गेली आहे. २६ डिसेंबर २००४ ला कल्पाक्कमच्या पंपघरात समुद्र शिरला तेव्हा दुसरे संयंत्र चालू होते. चालकांनी ते सुखरूप बंद केले. कर्मचाऱ्यांच्या वसाहतीत मात्र त्याच लाटेने अनेक बळी घेतले. ३१ मार्च १९९३ ला उत्तर प्रदेशातल्या नरोरा केंद्रात टर्बाइनची पाती तुटली, हायड्रोजनने पेट घेतला, केबली जळाल्या आणि सुमारे १७ तास केंद्रात वीज नव्हती. धुराने भरलेल्या इमारतीत बॅटरीच्या उजेडात चढून कर्मचाऱ्यांनी भट्टी पुन्हा जागी होऊ नये म्हणून तिच्यात बोरॉनचे द्रावण सोडले. किरणोत्सार बाहेर पडला नाही. १९९४ च्या जूनमध्ये गुजरातेतल्या काकरापार केंद्राच्या टर्बाइन इमारतीत पुराचे पाणी शिरले. २०१६ मध्ये, फुकुशिमाच्या बरोबर पाचव्या स्मृतिदिनी, त्याच केंद्रात जड पाण्याची गळती होऊन भट्टी बंद करावी लागली. या घटनांपैकी एकीनेही शेजारच्या गावांना इजा केली नाही. पण नरोरा वाचले ते काही माणसांच्या धैर्यामुळे, आणि अशा धैर्याची पुन्हा गरज पडू नये अशीच व्यवस्था असली पाहिजे.

नोव्हेंबर २०१८ पासून तारापूरच्याच जिल्ह्यात, डहाणू-तलासरी भागात धुंदलवाडीच्या आसपास, भूकंपाच्या धक्क्यांची रांग लागली. बहुतेक धक्के ४ पेक्षा कमी तीव्रतेचे होते. माणसे थंडीत घराबाहेर झोपली, शाळा तंबूत भरल्या. अणुभट्टीच्या बांधकामाला असे धक्के किरकोळ असतात. वारली कुटुंबाच्या कुडाच्या किंवा कच्च्या विटांच्या घराला नसतात. तरीही त्या महिन्यांत अणुवीज केंद्राचे काय, हा प्रश्न सगळ्यांच्या तोंडी होता. तो प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर गावागावांत जाऊन, आराखडा समोर ठेवून द्यायला हवे होते.

अपघात झालाच तर शेजाऱ्याने काय करायचे? भारतात केंद्राभोवती तीन वर्तुळे आखलेली असतात. तारापूरला १.६ किलोमीटरपर्यंत कोणी राहायचे नाही. पाच किलोमीटरपर्यंत वस्तीची फक्त नैसर्गिक वाढ व्हायची, नवे मोठे उद्योग-वसाहती आणायच्या नाहीत. १६ किलोमीटरपर्यंत आणीबाणीच्या नियोजनाचे क्षेत्र. पहिल्या वर्तुळाची किंमत काय असते ते अक्करपट्टी आणि पोफरणला विचारावे. तिसऱ्या-चौथ्या संयंत्रासाठी ही दोन्ही गावे उठली. मच्छीमारांना समुद्रापासून दूर घरे मिळाली, घरांच्या आणि सोयींच्या तक्रारी वर्षानुवर्षे चालल्या, प्रकरण उच्च न्यायालयात गेले. सुरक्षेसाठी आखलेल्या रेषेने ज्यांचे घर आणि होडी दोन्ही नेले, त्यांना केंद्राच्या सुरक्षिततेचे आकडे ऐकवणे पुरेसे नाही.

कुंपणाबाहेरच्या आणीबाणीची सूत्रे जिल्हाधिकाऱ्यांकडे असतात आणि साधारण दोन वर्षांतून एकदा सराव करायचा असतो. सरावात शिकवायच्या गोष्टी सोप्या आहेत, पण मनाच्या ओढीच्या उलट आहेत. भोंगा वाजला की पळायचे नाही. घरात जायचे, दारे-खिडक्या बंद करायच्या, पंखे बंद करायचे, रेडिओ-फोनवर सूचना ऐकायच्या. किरणोत्सारी ढग जात असताना रस्त्यावर वाहनकोंडीत अडकण्यापेक्षा पक्क्या घरात असणे बरे. उघड्या विहिरीचे पाणी, पालेभाजी, गावातले दूध सांगेपर्यंत वापरायचे नाही. आणि आयोडीनची गोळी सांगितली की लगेच घ्यायची, त्याआधी नाही.

या गोळीमागे चेर्नोबिलचा धडा आहे. २६ एप्रिल १९८६ च्या स्फोटानंतर शेजारचे प्रिप्यात शहर दुसऱ्या दिवशी दुपारी रिकामे झाले. पण आसपासच्या खेड्यांत मुले गवतावर चरलेल्या गाईंचे दूध पीत राहिली. दुधातले किरणोत्सारी आयोडीन गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीत साचले. ते दर आठ दिवसांनी निम्मे होत जाते, म्हणजे काही आठवडे दूध थांबवले असते तरी पुष्कळ साधले असते. बेलारूस, युक्रेन आणि रशियाच्या बाधित भागांत त्या वेळी लहान असलेल्यांत २००५ पर्यंत थायरॉइड कर्करोगाचे ६,००० हून अधिक रुग्ण नोंदले गेले, आणि त्यांत त्या दुधाचा वाटा मोठा होता. पोलंडने मात्र लगेच सुमारे एक कोटी मुलांना आयोडीन पाजले. ग्रंथी साध्या आयोडीनने भरलेली असली की किरणोत्सारी आयोडीनला जागा उरत नाही.

फुकुशिमाचा धडा याच्या उलट बाजूचा आहे. तिथे किरणोत्साराच्या तीव्र आजाराने कोणी दगावले नाही. घाईघाईच्या स्थलांतराने, औषधे तुटल्याने, म्हाताऱ्या माणसांचे हाल झाल्याने त्या प्रांतात दोन हजारांहून अधिक मृत्यू झाल्याचे सरकारने मान्य केले. केंद्राजवळच्या एका रुग्णालयातले आणि त्याच्याशी जोडलेल्या वृद्धाश्रमातले चाळीसहून अधिक जण हलवाहलवीत गेले. म्हणून स्थलांतराचा आराखडा कागदावर असून भागत नाही. बोईसरमधून महामार्गाकडे जाणारा चिल्हार फाट्याचा रस्ता एरवीही मालमोटारींनी भरलेला असतो. पावसाळ्यात वारा समुद्राकडून जमिनीकडे वाहतो, म्हणजे जून ते सप्टेंबरमध्ये काही सुटले तर ते बोईसरवरून आतल्या पाड्यांकडे जाणार, आणि नेमके तेव्हाच आतले रस्ते पाण्याखाली असतात. एखाद्या कोरड्या सकाळी, आधी कळवून केलेला सराव याची परीक्षा घेत नाही. सूचना मराठीत निघतील, पण औद्योगिक वसाहतीतल्या चाळींना त्या हिंदीतही लागतील, आणि पाड्यांवर कोणीतरी चालत जाऊनच सांगावे लागेल.

तिसऱ्या भीतीचे, म्हणजे खरे काय ते कोणी सांगेल का या भीतीचे, मूळ कायद्यात आहे. १९६२ च्या अणुऊर्जा कायद्याने सरकारला माहिती गुप्त ठेवण्याचे व्यापक अधिकार दिले. अणुऊर्जा नियामक मंडळ १९८३ मध्ये स्थापन झाले. पण ते ज्या अणुऊर्जा आयोगाला उत्तरदायी होते त्याचे अध्यक्ष अणुऊर्जा विभागाचे सचिवच असत, आणि केंद्रे उभारण्याचे कामही त्याच विभागाचे. २०१२ मध्ये महालेखापरीक्षकांनी नियामकाच्या या दुबळ्या स्वायत्ततेवर बोट ठेवले. स्वतंत्र नियामकाचे २०११ चे विधेयक मात्र तसेच बारगळले. २०२५ च्या अखेरीस संसदेने अणुऊर्जेचा नवा कायदा केला. त्यात मंडळाला वैधानिक दर्जा देण्याची आणि खासगी कंपन्यांना या क्षेत्रात येऊ देण्याची तरतूद आहे. दर्जा कागदावर मिळाला की स्वायत्तता आपोआप येते असे नाही. केंद्र बंद ठेवण्याचा आदेश मंडळ कोणाला न विचारता देऊ शकते का आणि तपासणीचे अहवाल जसेच्या तसे लोकांसमोर ठेवते का, यावरून ती ओळखायची.

लोकांना असे उत्तर देणे अशक्य नाही. फ्रान्समध्ये प्रत्येक अणुवीज केंद्राजवळ कायद्याने स्थानिक माहिती समिती असते. तिच्यात निवडून आलेले प्रतिनिधी, कामगार संघटना, पर्यावरणवादी बसतात आणि केंद्राला प्रश्न विचारतात. तिथे केंद्राजवळच्या घरांत आयोडीनच्या गोळ्या आधीच पोचवल्या जातात. हे अंतर पूर्वी १० किलोमीटर होते, आता २० आहे. रत्नागिरी जिल्ह्यात राजापूर तालुक्यातल्या माडबनच्या सड्यावर जैतापूर प्रकल्प उभारायचा आहे. तिथल्या प्रत्येकी सुमारे १,६५० मेगावॅटच्या सहा भट्ट्या याच फ्रान्सकडून यायच्या आहेत. नोव्हेंबर २०१० मध्ये ३५ अटींसह त्याला पर्यावरण मंजुरी मिळाली. १८ एप्रिल २०११ ला आंदोलनात पोलिसांच्या गोळीने साखरी नाट्याच्या एका मच्छीमाराचा जीव गेला. जमिनीच्या मोबदल्याचा दर वाढला, प्रकल्प अजून कागदावर आहे. भट्टी फ्रान्सची आणणार असाल तर शेजाऱ्यांना उत्तर देण्याची तिथली रीतही आणा, अशी मागणी कोकणातल्या ग्रामसभांनी करावी. ती प्रकल्पाच्या बाजूच्या माणसालाही मान्य व्हावी.

तारापूरला मात्र प्रकल्पाची वाट पाहायची नाही, तो अंगणात आहे. तुम्ही केंद्रापासून १६ किलोमीटरच्या आत राहत असाल तर पुढच्या ग्रामसभेत चार गोष्टी लेखी मागा: आपल्या गावाने आणीबाणीत जमायचे ठिकाण आणि निघण्याचा रस्ता, आयोडीनच्या गोळ्या कोणाकडे ठेवल्या आहेत त्या माणसाचे नाव, गेल्या सरावाचा अहवाल, आणि आपल्या विहिरीच्या व मासळीच्या नमुन्यांचे गेल्या वर्षाचे निष्कर्ष. ही कागदपत्रे मागणे म्हणजे देशाच्या विजेला विरोध नव्हे. उत्तर आले नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा, आणि आले तर ते ग्रामपंचायतीच्या फळ्यावर मराठीत आणि हिंदीत लावा.